सरदारसाहेबांची उंच सीट

इंदुरात मराठी मंडळींचा कुठलाही कार्यक्रम असो, गणपती असो की कुणाच्या मुंजीची पंगत, जुन्या गोष्टी निघाल्या की कोणीतरी म्हणतंच, "अरे, आपल्या इंदुरात तर त्या काळी स्पोर्ट्स कार बनली होती, भिया!" मग दुसरा लगेच पुढचं पुरवतो, "हां, पण तो ड्रायव्हर पिऊन बसला होता ना. ठोकली साल्यानं सिमरोळच्या घाटात." आणि सगळे चुकचुकतात. गाडीसाठी चुकचुकतात. माणसासाठी कोणी चुकचुकल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

त्या गाडीची ड्रॉइंगं माझी होती. आणि ड्रायव्हर प्यायलेला नव्हता. सकाळची वेळ होती, त्याच्या पोटात चहा आणि पोहे होते, आणि ते मीच खाऊ घातले होते. इतकी वर्षं मी हे सांगतो आहे. लोक मान हलवतात आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच बोलतात. म्हणून आता लिहूनच काढतो.

मी महिदपूरचा. वडील तहसील कचेरीत शिपाई होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी मॅट्रिकसुद्धा कोणी नव्हतं. मी इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो तो एका सरदारसाहेबांच्या ट्रस्टमधून फी भरली गेली म्हणून. हे मी कधी लपवलं नाही. दर सणाला त्यांच्या बंगल्यावर जाऊन पाया पडायचो आणि मनापासून पडायचो. पुढे त्याच कॉलेजात मला शिकवायची नोकरी लागली तेव्हा आईने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग म्हणाली, "सरदारसाहेबांना सांगून ये." कृतज्ञता आमच्याकडे अशी रक्तात होती. तिचा दोर करून माणसाला बांधता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

नवा मध्य प्रदेश झाला होता. राजधानी भोपाळला गेली होती आणि इंदूरच्या कचेऱ्या एकेक करून उठत होत्या. सरदारसाहेबांना आता मुजरा करायला बंगल्यावरचे नोकर तेवढे उरले होते. त्यांच्या मोटारखान्यात लढाईच्या आधीची एक विलायती दोन सिटांची गाडी धूळ खात पडली होती. बॉडीचं लाकूड वाळवीनं खाल्लेलं, पण इंजिन अस्सल. एका दिवाळीला पाया पडून उठलो तर ते म्हणाले, "मास्तर, बाहेरून गाडी आणायला परवाना मिळत नाही. तू मला स्पोर्ट्स कार करून दे. इंदुरात झालेली. मुंबईवाल्यांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत."

मी त्या रात्री झोपलो नाही. आनंदानं.

पुढची दोन वर्षं कॉलेज सुटलं की मी मोटारखान्यात असायचो. वेगवान गाडीचं पहिलं सूत्र वजन कमी करणं, दुसरं ते वजन जमिनीला जितकं चिकटवता येईल तितकं चिकटवणं. मी चेसिसच्या आडव्या पट्ट्यांना भोकं पाडली. इंजिन मागे सरकवलं, बॅटरी पार मागच्या चाकांपाशी नेली, म्हणजे चारही चाकांवर भार सारखा यावा. चेसिस आसाच्या वरून जायची ती खालून घेतली. बॉडीसाठी लाकडाचा साचा केला आणि राजवाड्यामागच्या भांडीबाजारातले दोन कसेरे आणले. आयुष्यभर हंडे-परातींना आकार देणारी माणसं ती. त्यांनी ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून असं नाक काढलं की त्यावरून हात फिरवावासा वाटायचा. हवा कुठे अडते हे पाहायला आम्ही सगळ्या बॉडीवर स्वेटरच्या लोकरीचे तुकडे चिकटवले आणि महूच्या रस्त्यावर गाडी पळवली. जिथे लोकर सरळ मागे उडाली तिथला आकार बरोबर, जिथे फडफडली तिथला चुकलेला. लोक म्हणाले, गाडीला केस आलेत.

गाडी चालवायचे ते बंगल्याचे ड्रायव्हर. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांचे आजोबा संस्थानाच्या पागेत होते, वडील बग्गीवर, आणि मामा मोटारीवर. अंगानं जबरदस्त, मिशा दोन्ही बाजूंनी वर, आणि बोलण्यात भारी फुशारकी. "अपने हाथ में स्टेरिंग आया ना मास्तर, तर रस्ता स्वतःहून वळतो," असं म्हणायचे. माझं ड्रॉइंग त्यांना मुळीच कळायचं नाही आणि कळून घ्यायचीही इच्छा नव्हती. पण गाडी पहिल्यांदा चालली त्या दिवशी ते उतरले आणि बॉनेटला पाठीवर थाप मारावी तशी थाप मारून म्हणाले, "घोडी आहे घोडी."

सीट मी अगदी तळाशी ठेवली होती. बसलं की पाय पुढे लांब, पाठ मागे रेललेली, स्टिअरिंग छातीसमोर. स्टिअरिंगचा दांडाही मी त्याच हिशेबानं खाली उतरवला होता. स्टिअरिंगच्या चाकाचा खालचा काठ मांड्यांच्या जेमतेम वीतभर वर यायचा. गाडीत बसणारा माणूस, चाक आणि पॅडल या तिघांचं एकमेकांशी नातं असतं. एकाला हलवलं की तिघांना हलवावं लागतं. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे मी शिकवत होतो.

दसरा जवळ आला. सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत सरदारसाहेबांच्या घराण्याचा मान होता. राजवाड्यापासून अन्नपूर्णेकडच्या दसरा मैदानापर्यंत. त्यांचे आजोबा हत्तीवरून गेलेले, वडील घोड्यावरून. या वर्षी त्यांनी ठरवलं की स्पोर्ट्स कार स्वतः चालवत जायचं. आदल्या दिवशी फेटा बांधून ते सीटमध्ये बसून पाहायला आले. बसले. आणि त्यांचं डोकं बाजूला उभ्या असलेल्या माळ्याच्या कमरेशी आलं.

कोणी हसलं नाही. तेच वाईट झालं. हसलं असतं तर निदान हवा मोकळी झाली असती.

"मास्तर," ते म्हणाले, "हे काय?"

"सरकार, गुरुत्वमध्य खाली ठेवण्यासाठी..."

"मध्य राहू दे. आजोबा हत्तीवर, वडील घोड्यावर, आणि मी काय जमिनीवर बसून जाऊ? फेरीवाले माझ्या फेट्यात बघणार?"

मी सांगितलं, सीट उचलली तर स्टिअरिंगचा दांडाही उचलावा लागेल, पॅडलंही बदलावी लागतील, पंधरा दिवस तरी लागतील. ते मामांकडे वळले. "काय रे, उंच सीटवरून चालवता येईल की नाही?"

मामा म्हणाले, "हुकूम, सरकार. खाली बसून आपण कधी काही चालवलंच नाही."

नोकर माणूस दुसरं काय म्हणणार? त्या घरात "नाही" हा शब्द नोकरांच्या तोंडी नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नव्हता. मी एवढंच मागितलं की मिरवणूक झाली की सीट पुन्हा खाली घ्यायची. "हां हां," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत सुतारानं सागवानी ठोकळे घातले, गादीवाल्यानं लाल मखमलीची जाड सीट बसवली. वीतभर उंच. दुसऱ्या दिवशी मिरवणूक झकास झाली. सरदारसाहेब शिडशिडीत, त्यांच्या मांड्या काटक्यांसारख्या. गर्दीत गाडी चालीच्या वेगानं गेली, वळली, कुठे अडली नाही. राजवाड्याजवळच्या फोटोवाल्यानं फोटो काढला आणि मोठा करून काचेच्या शोकेसमध्ये लावला. गर्दीच्या डोक्यांवर सरदारसाहेबांचा फेटा, खाली चकाकणारी गाडी.

सीट परत खाली आली नाही. मी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा ते हसून म्हणाले, "मास्तर, तुझं कॉलेज कॉलेजात ठेव." फी भरणाऱ्यानं असं म्हटल्यावर तिसऱ्यांदा बोलायची सोय नसते.

दिवाळीनंतर त्यांनी मुंबईच्या काही मित्रांना बोलावलं. सिमरोळच्या घाटात गाडी पळवून दाखवायची, चालवणार मामा. मी आदल्या संध्याकाळी पुन्हा गेलो आणि म्हणालो, घाटात नको, सपाटीवर दाखवा. मामाच मला बाजूला घेऊन म्हणाले, "भिया, पाहुण्यांसमोर माझी इज्जत घालवता का? घाट माझ्या पायाखालचा आहे."

सकाळी मी मधल्या मोठ्या वळणावर उभा होतो. इंजिनाचा आवाज वरून येत होता आणि तो आवाज सुंदर होता, हे मी आजही नाकारणार नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. ही हलकी वळणं होती, चाक थोडंसं फिरवून भागणारी. मग गाडी माझ्यासमोरच्या वळणावर आली. तिथे रस्ता जवळजवळ मागे फिरतो, चाक भरपूर फिरवावं लागतं. मला मामांची कोपरं दिसली. ती वर गेली आणि तिथेच थांबली. त्यांचे खांदे ओढत होते, चाक फिरत नव्हतं. गाडी वळणाला सरळ गेली, कठड्याचे दगड उडवून खालच्या झुडपात नाकावर उभी राहिली, आणि मामा त्या उंच सीटवरून बाहेर फेकले गेले. बाजूचा पत्रा त्यांच्या कमरेपर्यंतसुद्धा येत नव्हता, अडवणार काय?

पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला, बरगड्या गेल्या. आम्ही त्यांना जीपमध्ये घालून मोठ्या इस्पितळात आणलं. सरदारसाहेब पाहुण्यांबरोबर थांबले.

दुसऱ्या दिवशी मी मोटारखान्यात गेलो. चेपलेली गाडी ओढून आणली होती. आत पाहिलं. लाल सीट नव्हती. माझी मूळची, खालची सीट बोल्ट घट्ट पिळून बसवलेली होती. सकाळी ठाणेदार पंचनामा करून गेले होते. त्यांनी पाहिलेली गाडी ही होती. माझ्या ड्रॉइंगप्रमाणे बरोबर असलेली गाडी वापरून बंगल्यावरच्यांनी खोटं उभं केलं होतं. आयुष्यात मला एवढा राग त्याआधी कधी आला नव्हता. बापाच्या वयाच्या माणसाचा पाय मोडला आणि यांना रात्रीतून सीटचे बोल्ट पिळायला माणसं मिळाली!

कॉलेजात पोचतो तो विभागप्रमुखांनी बोलावलं. ट्रस्टनं आमच्या प्रयोगशाळेला एक लेथ मशीन दिलेलं होतं, दुसरं कबूल केलं होतं. सर म्हणाले, "पोलिसांना कॉलेजचा तांत्रिक अभिप्राय हवाय. गाडीत दोष नाही असं लिहा आणि मोकळे व्हा. ड्रायव्हर घेत होता असं कळतं."

"काय घेत होता, सर?"

"अरे, ड्रायव्हर लोक काय घेतात?"

"सर, अभिप्राय द्यायचा तर गाडी पाहायला हवी. आपण दोघं जाऊ."

ते आले, कारण बंगल्यावर चहा चांगला मिळायचा. सरदारसाहेब भोपाळला गेले होते. लाल सीट मला शोधावी लागली नाही. ती पोर्चमध्ये पडली होती आणि तिच्यावर त्यांचा कुत्रा झोपला होता. मी कुत्र्याला हाकललं, सीट उचलून आणली, खालच्या सीटचे बोल्ट काढले. तळाच्या पत्र्यात ठोकळ्यांची ताजी भोकं तशीच होती. ठोकळे गायब, म्हणून विटा रचल्या. मग पुढची चाकं जमिनीवरून उचलून धरायला जॅक लावला.

"सर, जरा बसून दाखवता?"

"मी कशाला?"

"तुमची अंगलट मामांसारखी आहे."

सर नाखुशीनं चढले. बसले. मी म्हटलं, "आता डावं वळण घ्या. पूर्ण." त्यांनी चाक फिरवलं. पाव फेरा झाला आणि चाकाची आडवी दांडी त्यांच्या डाव्या मांडीत रुतली. त्यांनी जोर केला. "अहो, हे... अडकलं." चाक पुढेही जाईना, मागेही येईना. सर घामाघूम झाले. पाय आखडून घ्यावा तर गुडघा पत्र्याला लागत होता. चौकीदार तोंड फिरवून उभा राहिला होता, त्याचे खांदे हलत होते. शेवटी मी आणि चौकीदारानं मिळून सरांना बगलेत धरून उपसलं.

"पन्नासच्या वेगात," मी म्हटलं, "आणि पुढे कठडा."

सरांनी रुमालानं मान पुसली. मग म्हणाले, "लिहा काय लिहायचं ते. सही करतो. पण माझ्या मांड्यांचा उल्लेख नको."

मी लिहिलं, सरांनी सही केली. दुसरं लेथ आमच्या कॉलेजात कधी आलं नाही, आणि सरांनी त्याबद्दल मला पुढे कधी ऐकवलं नाही. त्यांना मी नावं ठेवत नाही.

सरदारसाहेब परतल्यावर मला बोलावणं आलं. ते उभेही राहिले नाहीत. "मी चालवली तेव्हा गाडी कुठे अडली? दसऱ्याला सगळ्या शहरानं पाहिलं."

"सरकार, तुमच्या आणि मामांच्या अंगात फरक आहे. आणि शहरानं सीटही पाहिली. फोटो अजून शोकेसमध्ये आहे. ठाणेदारांना मी तो दाखवला."

त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "तुझ्या बापानं तुला शिकवलं असतं का रे? कुणाच्या जिवावर बोलतोस?"

मी म्हटलं, "तुमच्या. फी तुम्ही भरलीत आणि त्याचे आभार मी मरेपर्यंत मानीन. पण उपकारानं चाक फिरत नाही, सरकार." आणि निघालो. पाया पडलो नाही.

पण पुन्हा ठाण्यावर गेलो तर ठाणेदारांनी वेगळीच अडचण सांगितली. "आपका कागज ठीक है मास्टरसाब, लेकिन ड्राइवर तो खुद बोल चुका है कि गलती मेरी है. पहिल्याच दिवशी. तो बयान बदलत नाही तोवर केस त्याच्यावरच." बयान घ्यायला बंगल्याचा कारभारी पोलिसांबरोबर गेला होता हेही त्यांनी सांगितलं. केस उभी राहिली तर लायसन्स जाणार, कदाचित तुरुंगही. आणि पिऊन गाडी घातली हा शिक्का तर शहरानं आधीच मारला होता.

मी तडक इस्पितळात गेलो. मामी स्टुलावर बसून सफरचंद चिरत होत्या. मामांचा पाय प्लॅस्टरमध्ये, मिशा खाली आलेल्या.

"मामा, हे काय बोलून बसलात? कारभाऱ्यानं धमकावलं का?"

"कशाला धमकावेल? खरंच आहे ते." ते छताकडे बघत होते. "हात गेले मास्तर. वळणावर चाक फिरवलं, फिरलंच नाही. जोरच उरला नाही हातात. एवढी वर्षं बढाया मारल्या. सरकारांची गाडी गेली, तुमची दोन वर्षांची मेहनत गेली."

मला वाटलं होतं, हा माणूस मिठाला जागून खोटं बोलतोय. तो खोटं बोलतच नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं की आपले हात म्हातारे झाले. आणि बंगल्यावर ज्यांना खरं माहीत होतं, त्यांनी ठोकळे फेकून देऊन त्याला तसंच वाटू दिलं होतं. आजही या एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड आहे. खोट्या केसपेक्षाही.

मी त्यांना सरांची गोष्ट सांगितली. कुत्र्याला हाकलण्यापासून. सर कसे चढले, चाक कुठे रुतलं, चौकीदार कसा हसला, आम्ही कसं उपसलं. मामी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मामाही हसले, बरगड्यांना हात लावून कळवळले, पुन्हा हसले. "तुमचे सर म्हणजे ते गोलमटोल? बगलेत धरून?" आणि मग हसता हसता थांबले.

त्यांनी दोन्ही हात समोर धरले, चाक धरतात तसे. हळूहळू डावीकडे फिरवले. डावा हात मांडीवर येऊन टेकला.

"इथं अडलं होतं," ते म्हणाले. "इथंच. मला वाटलं माझाच हात आखडला." मग एकदम आवाज चढला. "म्हणजे मी नव्हतो? आणि सीट कोणी काढली म्हणालात? दुसऱ्या दिवशी? साला, मी इथे देवाला विचारतोय माझ्या हाताला काय झालं, आणि तिथे कुत्रा झोपलाय त्यावर!" त्यांनी सफरचंदाची बशी भिरकावली. नर्स धावत आली. मामी ओरडल्या, "अहो, बंगल्यावरचं क्वार्टर जाईल आपलं!" ते म्हणाले, "जाऊ दे. मास्तर, हवालदाराला बोलवा. अभी के अभी."

हवालदार संध्याकाळी आला. मामांनी सगळं सांगितलं, सीट कुणाच्या हुकमानं चढली, चाक कुठे अडलं. त्यानं लिहून घेतलं आणि सहीसाठी पुढे केलं.

"वाचून दाखवा," मामा म्हणाले. त्यानं वाचलं. "एक राहिलं. लिहा, मेरे हाथ बराबर थे."

"ये बयान में नहीं लिखते, भिया. जो हुआ वो लिख दिया ना?"

"तो फिर साइन नहीं करता."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं सुस्कारा टाकला, टोपी मागे सरकवली आणि शेवटच्या ओळीखाली तेवढं वाक्य लिहिलं. मामांनी ते या वेळी स्वतः वाचलं आणि मग सही केली.